काजळराणीची खरी आई

"आई, ती तिची आई नाहीच आहे! मी सिद्ध करून दाखवते."

लेकीचा फोन स्पीकरवर होता. तो कानाजवळ धरून दवाखान्यातली आया उभी होती, कारण प्लास्टरबाईचे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढऱ्या राड्याने भरले होते. समोर स्टुलावर बसलेल्या टॅक्सीवाल्याच्या मोडलेल्या हाताभोवती ती ओली पट्टी गुंडाळत होती. तिचे हात थांबले.

"कोण?" तिने विचारले. "कोणाची आई?"

"आत्ता नाही, घरी आल्यावर. सगळे पुरावे जमलेत माझ्याकडे. मावशीला पण सांगितलं मी. रविवारी येते म्हणाली. ठेवते, तास सुरू झाला."

आयाने फोन बाईच्या ॲप्रनच्या खिशात सरकवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारायला ती बाहेर गेली. प्लास्टरबाई तशीच उभी राहिली, टॅक्सीवाल्याचा हात दोन्ही हातांत धरून. नळ ठिबकत होता. बादलीतले पाणी गढूळ होऊन स्थिर झाले होते.

"बाई, गरम लागतंय," टॅक्सीवाला म्हणाला.

"लागायचंच. सुकायला लागलं की तापतं."

हे ती सवयीने बोलली, आणि मग तिला दिसले. प्लास्टर तळव्याने दाबायचे, बोटे रुतवायची नाहीत, हे ती नव्या पोरींना पहिल्याच दिवशी शिकवत असे. इथे तिचे अंगठे रुतून दोन खड्डे पडले होते आणि ते बघता बघता कडक होत होते.

"काढावं लागेल."

"आत्ताच तर घातलंत!"

"खड्डा पडलाय. आतून टोचत राहील, कातडी सोलून निघेल. माझी चूक आहे. पुन्हा घालते."

टॅक्सीवाल्याने भिंतीवरच्या कटरकडे पाहिले, मग तिच्या तोंडाकडे. "कमाल आहे बाई. हात मोडलाय माझा आणि रंग उडालाय तुमचा."

घरी पोचेपर्यंत फोनवरचे ते वाक्य ती मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

लेक तिच्या पोटची नव्हती. धाकट्या बहिणीची होती. धाकटी तेव्हा कॉलेजात होती, आणि ज्याच्या भरवशावर ती होती तो, बातमी कळल्यावर, आठवड्याभरात परदेशी नोकरीला निघून गेला होता. थोरलीची गर्भारपणे अर्ध्यावर संपत होती आणि डॉक्टरांनी आता पुरे म्हटले होते. दोघी बहिणींनी एका दुपारी बसून ठरवले. रीतसर कोर्टात जाऊन सगळे झाले. धाकटी दूरच्या शहरात एका हॉटेलच्या स्वागतकक्षात नोकरीला लागली आणि मावशी झाली. वर्षातून एकदोनदा यायची, पिशवीभर खाऊ आणायची, चार दिवस राहून जायची.

मोठी झाली की सांगू, असे ठरले होते. मोठी म्हणजे केव्हा, ते ठरले नव्हते. शाळेत रुळू दे. टॉन्सिलचे ऑपरेशन होऊन जाऊ दे. आता परीक्षा आहे. धाकटीने सुरुवातीला विचारले होते, "ताई, कधी?" नंतर तिने विचारणे सोडून दिले. लेक तेरा वर्षांची झाली होती.

दार उघडले तेव्हा आतल्या खोलीत कपाटाच्या दारावर चित्रे चिकटवलेली होती आणि एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत लाल लोकर ताणलेली होती. नवरा पलंगावर मांडी घालून चहात बिस्किट बुडवत बसला होता. त्याचे नाक्यावर किल्ल्या करून देण्याचे दुकान होते आणि दुपारी तो तासभर घरी येत असे.

"ये," तो म्हणाला. "कोर्ट चालू आहे. वकीलबाईंनी मला साक्षीदार केलंय आणि बोलू देत नाहीत."

त्याने लेकीला वकीलबाई म्हणायला सुरुवात केली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि झोपायची वेळ झाली याला तिने पुरावा मागितला होता.

"बस ना आई. हे बघ. ही काजळराणी."

चित्रातल्या बाईचे केस धुरासारखे वर चढले होते आणि डोळे काळेभोर होते. प्लास्टरबाईच्या छातीवरून एक मोठा दगड उतरला. कार्टून! 'सात दिव्यांचा देश' म्हणून ती मालिका होती. घरात गेली दोन वर्षे जेवताना, अंघोळीला जाताना, दात घासताना तीच चालू होती. तिने पर्स टेबलावर ठेवली आणि हात पुसायचे नसतानाही पुसले.

"ही एकेक दिवा विझवत चाललीय, देश अंधारात घालणार आहे. सगळ्यांना प्रश्न पडलाय की ही मुळात आहे कोणाची. कोणी म्हणतं उत्तरेच्या राजाची, कोणी म्हणतं अजगराची. काही मूर्ख म्हणतात आरशातून जन्मली. रविवारी शेवटचा भाग आहे, त्यात कळणार. पण मला आधीच कळलंय."

"किल्लेदारणीची ना ती?" बाईने विचारले. एवढे तिच्या कानावर होते.

"किल्लेदारणीनं वाढवली. तिची नाहीये. ती ह्या बाईची आहे." लोकरीच्या दुसऱ्या टोकाला एक वाकलेली, डोक्यावर गाठोडे घेतलेली बाई होती. "ही वातकरीण. वाती वळते आणि वर्षातून एकदा किल्ल्यावर घेऊन येते. फक्त एकदा. लहानपणी काजळराणी तिला वातमावशी म्हणायची."

दगड जागेवर परत आला.

"पुरावा एक. दोघींचा हात ज्योतीनं भाजत नाही. पुरावा दोन, दोघी डावखुऱ्या. हे कोणीही सांगेल. पण तिसरा फक्त मी शोधलाय." लेकीने बोट चित्रावर ठेवले. "वातकरीण किल्ल्यात आली की सगळ्यांकडे बघते. पहारेकऱ्याकडे, कुत्र्याकडे, भिंतीकडे. हिच्याकडे बघतच नाही. एकदासुद्धा! परकं पोर असतं तर बघितलं असतं ना? माणूस कोणाकडे बघायचं टाळतो?"

बाईच्या डोळ्यांसमोर दर खेपेला दारात येणारी धाकटी उभी राहिली. आधी भावोजींशी थट्टा, मग चपला नीट लावून ठेवायच्या, मग मांजराला उचलायचे. पोरीशी बोलायची वेळ सगळ्यात शेवटी, आणि तेव्हाही डोळे पिशवीत.

"काय हो बाबा, बरोबर ना?"

"मुद्दा आहे," नवरा म्हणाला. "म्हणतातच की, माय मरो नि मावशी..."

तो थांबला. बिस्किट कपात पडले. तो चमचा आणायला उठला आणि बाई त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.

"तिला कळलंय," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"तिला कार्टून कळलंय."

"मुलं असंच आडून विचारतात. आणि धाकटीला कशाला बोलावलं तिनं? हिलाच का?"

"मावशी आहे म्हणून. तिला कार्टून आवडतं म्हणून. अगं, दोघी फोनवर तासतासभर तेच बोलतात." त्याने कपातले बिस्किट चमच्याने बाहेर काढले. "सांगून टाकू या ना. मी किती वेळा म्हटलं."

"तुम्हाला सोपंय."

"मला कसं सोपं? माझं तरी रक्ताचं काय आहे तिच्यात?"

तो कप विसळून दुकानात गेला.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तिने डबा बाजूला ठेवून मालिका बघायला घेतली. प्लास्टरच्या खोलीत तेव्हा कोणी नसे. कापसाच्या गुंडाळ्यांना टेकवून फोन उभा करायचा आणि आवाज बारीक. आधी ती फक्त वातकरणीवर नजर ठेवून होती, पण हळूहळू तिला किल्लेदारीण दिसायला लागली. ती बाई फारशी कुठे नव्हतीच. दार लावताना, ताट उचलताना, खिडकीतून हाक मारताना, एवढीच. मूल अंगणात वाढत होते आणि ती कायम कडेला.

भागाखाली लोकांनी लिहिलेले असायचे. ते ती वाचायला लागली आणि वाचायला नको होते, असे तिला रोज वाटायचे.

'किल्लेदारीण चोर आहे. दुसरीचं मूल दाबून बसलीय.'

'खरी आई उन्हातान्हात वाती विकते आणि ही खोटी गादीवर.'

'काजळराणी वाईट झाली ती हिच्यामुळे. खोट्यात वाढलेलं मूल असंच निघणार.'

हे शेवटचे वाक्य दिवसभर तिच्याबरोबर राहिले. एका म्हातारीच्या घोट्याचे प्लास्टर कापताना कटर घरघरत होता, म्हातारी डोळे मिटून "पाय कापू नका गं" म्हणत होती. प्रत्येक पेशंटला ती स्वतःच्या तळव्यावर पाते टेकवून दाखवायची, कातडी कापत नाही बघा. आज ते दाखवायचे राहिले. म्हातारी अर्धा वेळ रडली.

गुरुवारी तिला राहवले नाही. 'पांढरा हात' असे नाव घेऊन तिने तिथे लिहिले: 'किल्लेदारिण चोर नाही. मुलीला ताप आला तेव्हा उशाशी कोण बसलं असेल? ते दाखवत नाहीत कारण बघायला कंटाळवाणं असतं.' लिहून झाल्यावर चोरी केल्यासारखा फोन खिशात टाकला.

संध्याकाळी जेवताना लेक फणफणत होती.

"कोणीतरी पांढरा हात म्हणून आलाय. म्हणे, ताप आला तेव्हा कोण बसलं! मी लिहिलं, ती बसली हे कुठल्या भागात आहे? पुरावा द्या."

"मग?" नवऱ्याने विचारले.

"मग काय, गप्प. अशा लोकांकडे नुसत्या भावना असतात."

बाईने तिच्या ताटात वाढले. "खा. गार होतंय."

"कोणीतरी म्हातारा माणूस असणार," लेक म्हणाली. "किल्लेदारीण शब्द पण चुकीचा लिहिलाय."

रविवारी धाकटी दुपारी आली. भावोजींशी थट्टा झाली, चपला नीट लागल्या, मांजर उचलून झाले. लेकीने तिचा हात धरून ओढतच कपाटासमोर नेले आणि सगळा खटला पहिल्यापासून मांडला. बाई दारात उभी राहून ऐकत होती. तिसऱ्या पुराव्याशी आल्यावर धाकटीने मान खाली घातली आणि मांजराच्या कानामागे खाजवत राहिली.

"पटलं का मावशी?"

"पटलं."

"मग तू सांग, तिनं इतकी वर्षं का नाही सांगितलं?"

"असेल काहीतरी."

"काही नसतं गं. भित्री आहे. येते, गाठोडं टाकते, जाते. एकदा तरी तोंड उघडायला काय झालं?"

"पाणी आण गं मावशीला," बाई मधेच म्हणाली. "प्रवासातून आलीय."

शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा तिघे पलंगावर ओळीने बसले होते. लेक पुढे जमिनीवर, मांजर तिच्या मांडीत. बाईला पडदा दिसत होता आणि काही दिसत नव्हते. सातवा दिवा उरला होता. काजळराणी पायऱ्या चढत होती. वरच्या पायरीवर वातकरीण आणि किल्लेदारीण दोघी उभ्या होत्या. बाईने पलंगाची कड धरली. शेजारी धाकटीचा श्वास तिला ऐकू येत होता.

"मी कोणाची?" पडद्यावरच्या राणीने विचारले.

वातकरीण पुढे झाली. लेक गुडघ्यावर उठली. "आता! आता!"

"तू हिचीच," वातकरीण किल्लेदारणीकडे बोट दाखवून म्हणाली. "मी सुईण होते. तुला पहिल्यांदा हातात घेतलं ते मी. जन्मलीस तेव्हा रडली नाहीस. तुझी भीती वाटली, म्हणून मी तुझ्याकडे कधी बघितलं नाही."

एवढेच. पुढे लढाई झाली, दिवा वाचला, नावे वर सरकू लागली.

"फसवणूक!" लेक ओरडली. "सुईण? सुईण कुठून आली? ज्योतीनं हात का नाही भाजत मग? डावखुऱ्या का?" ती ताडकन उठली आणि कपाटावरची चित्रे ओरबाडून काढायला लागली. नवरा हसू दाबत तिला समजावत होता.

बाईने पलंगाची कड सोडली. सुटलो. राणी किल्लेदारणीचीच. खटला संपला. आता पोरीला दुसरे वेड लागेल, परीक्षा येईल, वर्ष जाईल. तिने हसून शेजारी बघितले तर जागा रिकामी होती.

धाकटी मोरीशी उभी होती. सकाळीच घासून पालथे घातलेले कप ती परत घासत होती.

"ठेव ते. स्वच्छ आहेत."

"हो." ती घासतच राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "ताई, मला वाटलं होतं तो टीव्हीच सांगेल. मग पोर म्हणेल, बघ, माझं बरोबर होतं. खूश होईल. आणि मग तुझ्यामाझ्यातलं कोणीतरी म्हणेल की... त्या खुशीत निघून जाईल, असं वाटलं होतं. वेडीच आहे मी. गाडीत सगळं पाठ करत आले." तिने कप पालथा घातला. "जाऊ दे. बरंच झालं."

बाई तिच्या पाठीकडे बघत राहिली. आतून लेकीचा आवाज येत होता, कागद फाटत होते. कोणी काही मागत नव्हते. धाकटीही नाही. आता नुसते परत आत जाऊन बसायचे होते.

"हात पूस," ती म्हणाली. "आणि आत चल."

"ताई, नको. आज नको."

"चल."

लेक जमिनीवर बसून लोकर गुंडाळत होती. बाई तिच्यासमोर खाली बसली. गुडघे वाजले.

"ऐक. तुला मी जन्म दिलेला नाही. मावशीनं दिला. आम्ही तुला तिच्याकडून घेतलं, अगदी लहान असताना. मोठी झालीस की सांगायचं ठरलं होतं आणि मी सांगितलं नाही. तिची चूक नाही. मी पुढे ढकलत राहिले."

लेक आधी हसली. "काय गं आई. माझी समजूत घालायला काहीही." मग तिने बाबांकडे पाहिले. ते फरशीकडे बघत होते.

"पुरावा?" तिने विचारले. सवयीनेच. आवाज मात्र बारीक झाला होता.

धाकटी दारात ओले हात टॉवेलात गुंडाळून उभी होती. ती पोरीकडे बघत होती, थेट, डोळे न हलवता. लेकीने ते पाहिले आणि तेवढे तिला पुरले.

बराच वेळ ती लोकरीचे टोक शोधत राहिली.

"म्हणजे मी एवढे दिवस बोलत होते, कपाटावर चित्रं लावून, आणि तुम्ही तिघं ऐकत होतात." तिचे कान लाल झाले होते. "हसत होता का?"

"कोणी हसत नव्हतं. मी घाबरत होते."

"कशाला?"

"तू पुरावा मागशील म्हणून. माझ्याकडे कुठलाय? ताप आला तेव्हा कोण बसलं, हे काय कोणी..."

लेकीने मान वर केली. "पांढरा हात तू आहेस."

"हो."

"किल्लेदारीणमधला री दीर्घ असतो, आई."

आणि ती उठून बाथरूममध्ये गेली आणि तिने कडी लावली. आत नळ सोडल्याचा आवाज आला. नवरा दाराशी जाऊन उभा राहिला, पण त्याने ठोठावले नाही. धाकटी पलंगाच्या कडेवर बसली. बाई तिथेच जमिनीवर बसून फाटलेले कागद गोळा करत होती आणि नळ बंद व्हायची वाट बघत होती. तो बंद होईना. पोर दार उघडेल तेव्हा आपल्याला काय हाक मारेल, की हाकच मारणार नाही, एवढे एकच तिच्या डोक्यात होते.

दार उघडले तेव्हा पोरीचे तोंड धुतलेले होते. चहा झाला, तिने घेतला नाही. मांजराला घेऊन ती गॅलरीत बसून राहिली. धाकटीने पिशवी भरली. सोमवारी सकाळी हॉटेलात तिची पाळी होती.

"निघते मी," धाकटी दारात म्हणाली. ते तिने कोणाला उद्देशून म्हटले, ते तिलाच माहीत.

लेक गॅलरीतून आत आली. तिने बूट घातले. "मी सोडून येते स्टँडवर."

"अंधार व्हायच्या आत ये," बाबा म्हणाले.

"जॅकेट घे," बाई म्हणाली आणि तिला वाटले, बोलायला नको होते.

पोर उंबऱ्यात थांबली. मग परत फिरली, खुंटीवरचे जॅकेट काढले, आणि तिच्याकडे न बघता बाहेर पडली.

खिडकीतून रस्ता दिसायचा. दोघींनी पिशवीचा एकेक बंद धरला होता आणि मधे पिशवी हेलकावत होती. बोलत होत्या की नाही, ते कळत नव्हते. दोघींची चाल एकच होती. उजवा पाय किंचित आत वळवून टाकायचा, आणि दर चार पावलांनी खांदा उडवायचा. आजवर धाकटी जायला निघाली, की बाईला आत काहीतरी काम निघायचे, दूध उतू जायचे, कोणाला तरी फोन करायचा असायचा. आज त्या दोघी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती उभी राहिली आणि तिने नीट बघून घेतले. मग वारा सुटला होता म्हणून खिडकी लावली.